फ्रीझरमध्ये पुन्हा पुन्हा साचणारा बर्फ : एका ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रिजचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातले आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक बाबी मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत. घरात पाच माणसे असून त्यांतल्या आजींना मधुमेहामुळे रोज इन्सुलिन घ्यावे लागते, त्यामुळे फ्रिजवाचून एक दिवस काढणेही या घराला अवघड जाते.

फ्रिज दोन दारांचा, सुमारे २५० लिटरचा आणि नऊ वर्षे वापरातला होता. मागच्या पट्टीवर आर-१३४ए हा गॅस नोंदलेला होता. बर्फ वितळवण्याच्या वेळा सांभाळण्यासाठी त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड नव्हते, जुन्या पद्धतीचा यांत्रिक टायमर होता.

पुढचे सर्व समजण्यासाठी या ‘फ्रॉस्ट फ्री’, म्हणजे साचलेला बर्फ स्वतःहून वितळवणाऱ्या, फ्रिजची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. थंडावा देणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड बसवलेली असते. पंखा त्या कॉइलवरून हवा ओढून बरीचशी फ्रीझरमध्ये सोडतो आणि उरलेली एका वाहिनीतून खालच्या कप्प्यात पाठवतो. दार उघडताना आत शिरलेली दमट हवा कॉइलला लागली की तिच्यातली वाफ तिथे गोठते. हा बर्फ वाढू नये म्हणून टायमर ठरावीक तासांनी, साधारणपणे ८ ते १२ तासांनी, कंप्रेसर आणि पंखा थांबवतो आणि कॉइलखालच्या हीटरकडे वीज वळवतो. कॉइलला चिमट्यासारखा बसवलेला बायमेटल, म्हणजे तापमानानुसार चालणारा छोटा स्विच, थंडीत जोडलेला असतो आणि बर्फ वितळून कॉइल पुरेशी तापली की आपोआप तुटून हीटर थांबवतो. काही कारणाने तो तुटलाच नाही तर संरक्षण म्हणून पुढे थर्मल फ्यूज असतो. तो ७० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे एकदाच आणि कायमचा जळतो. वितळलेले पाणी नळीतून मागे कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरते आणि कंप्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. टायमरचा संपर्क, बायमेटल, फ्यूज आणि हीटर हे चारही भाग सिरीजमध्ये असल्यामुळे त्यांपैकी कोणताही एक निकामी झाला तरी बर्फ वितळणे संपूर्ण थांबते.

तक्रार आणि आधी झालेले उपाय

खालच्या कप्प्यातले दूध फाटणे, पालेभाज्या एका दिवसात पिवळ्या पडणे आणि फ्रीझरमध्ये मात्र बर्फाचे ट्रे व्यवस्थित गोठणे, अशी तक्रार होती. कंप्रेसर थांबतच नसे. काही दिवसांनी फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर पांढरा थर चढे आणि पंख्याचे पाते बर्फाला घासून खरखर ऐकू येई.

पहिल्या मेकॅनिकने लक्षणे पाहून सांगितले, “काकू, कंप्रेसर बंद होत नाही म्हणजे गॅस कमी झालाय.” त्याने गॅस काढून नव्याने भरला. फ्रिज उत्तम चालू लागला, आणि दोन आठवड्यांच्या आतच दूध पुन्हा फाटले. दुसऱ्याने दाराचे रबर सैल असल्याचे सांगून ते बदलले. फ्रिज पुन्हा सुधारला आणि पुन्हा बिघडला. तोवर घरातल्यांनी स्वतःच एक रीत पाडली होती: फ्रिज रात्रभर बंद ठेवायचा, सकाळी फडक्यांनी पाणी टिपायचे आणि पुन्हा चालू करायचा.

पहिल्या मेकॅनिकचा निष्कर्ष चुकला असला तरी तो निष्काळजी होता असे मला वाटत नाही. बर्फाने पूर्ण झाकलेल्या कॉइलला हवेतली उष्णता मिळत नाही, त्यामुळे कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीतला दाब उतरतो, आणि दाब मोजणाऱ्या गेजवर हे चित्र गॅस कमी असल्यासारखेच दिसते. गेज खरे तेच दाखवत होता. त्या आकड्यामागे दोन कारणे असू शकतात, ही शक्यता मात्र तपासली गेली नाही.

त्याहून फसवी गोष्ट पुढची आहे. गॅस भरताना फ्रिज दिवसभर बंद होता. रबर बदलले, ते नीट बसावे म्हणून दारे गरम पाण्याने शेकली, तेव्हाही तो कित्येक तास बंद होता. बंद ठेवलेल्या फ्रिजमधला बर्फ आपोआप वितळतो आणि कॉइल मोकळी झाली की तो काही दिवस नव्यासारखा चालतो. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीत उपयोग झाला तो फ्रिज बंद राहिल्याचा, आणि श्रेय मिळाले बदललेल्या भागाला किंवा भरलेल्या गॅसला. या बिघाडात पहिल्या आठवड्यातली सुधारणा हा कशाचाही पुरावा ठरत नाही.

काम आमच्याकडे आले तेव्हाची स्थिती

हे काम आमच्याकडे श्रावणात आले. गणपती तोंडावर होते, मुंबईहून माणसे येणार होती आणि घरातल्या मुलाचा कल जुना फ्रिज एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेण्याकडे होता. खालच्या कप्प्यात मधल्या फळीवर ठेवलेल्या थर्मामीटरने १४ अंश दाखवले. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांमध्ये ठेवावे लागते, आणि ते याच फळीवर होते.

त्यामुळे पहिला निर्णय फ्रिजविषयीचा नव्हता. त्या कुपी वापराव्यात की नाही हे ठरवणे मेकॅनिकचे काम नाही. कुटुंबाने डॉक्टरांना विचारून नव्या कुपी घेतल्या आणि गावातल्या केमिस्टने त्या आपल्या फ्रिजमध्ये ठेवण्याची तयारी दाखवली. मधल्या काळात कोणीतरी त्या फ्रीझरमध्ये ठेवायचे सुचवले होते. ते वेळीच थांबवले हे बरे झाले, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते आणि वितळल्यावर ते वापरता येत नाही.

दुसरी उपयोगी गोष्ट अनपेक्षित ठिकाणी सापडली. गृहिणी दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहीत असत, आणि दूध फाटले त्या तारखेला त्यांनी बारीक अक्षरांत तशी नोंद केली होती. पाने मागे उलटून पाहिली तेव्हा फ्रिज मोकळा केल्यापासून पुन्हा बिघडेपर्यंतचा काळ मार्चमध्ये सुमारे तीन आठवड्यांचा होता, तर जुलैत तो आठ-नऊ दिवसांवर आला होता. गॅसची गळती असती तर ती फ्रिज बंद ठेवल्याने भरून निघाली नसती. इथे बिघाड दर वेळी शून्यापासून सुरू होत होता आणि हवा जितकी दमट तितका तो लवकर पूर्ण होत होता. पॅनेल उघडण्यापूर्वीच संशय बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेकडे वळला, तो या नोंदींमुळे.

मागच्या ट्रेने तो संशय दृढ केला. ऐन पावसाळ्यात, कोकणातल्या हवेत, त्या ट्रेमध्ये कोरडी धूळ आणि एक मेलेली पाल होती. पाण्याचा ओलावा नव्हता, ताजा डागही नव्हता. फ्रिज कित्येक दिवसांत स्वतःहून बर्फ वितळवत नव्हता, हे एवढ्यावरून स्पष्ट झाले.

विचारात घेतलेले पर्याय

नवा फ्रिज घेणे हा सर्वांत सोपा पर्याय होता आणि नऊ वर्षांच्या यंत्राबाबत तो अविचारी म्हणता येणार नाही. पण कंप्रेसर आवाज न करता, योग्य करंट घेऊन चालत होता आणि फ्रीझर आजही गोठवत होता. म्हणजे महागडे भाग शाबूत होते. दर आठवड्याला रात्रभर बंद ठेवण्याची रीत पुढे चालवणे हा दुसरा पर्याय. त्यात पैसे लागत नव्हते, पण औषधाच्या दृष्टीने तो चालणारा नव्हता. तिसरा पर्याय टायमर, बायमेटल, फ्यूज आणि हीटर हा सगळा संच एकदमच बदलण्याचा. व्यवसायातले अनेक जण तसे करतात. त्यात निदानाचा वेळ वाचतो, पण निरोगी भागांचे पैसे ग्राहक भरतो आणि नेमके काय बिघडले होते हे कोणालाच कळत नाही. चौथा पर्याय म्हणजे चारही भाग क्रमाने तपासणे. आम्ही तो घेतला.

तपासणी

येण्यापूर्वी फोनवर एकच सूचना दिली होती: फ्रिज बंद करू नका आणि बर्फ काढू नका. पाहुणा मेकॅनिक येणार म्हणून लोक आदल्या रात्री फ्रिज स्वच्छ करून ठेवतात, आणि त्याबरोबर सगळा पुरावा वाहून जातो.

फ्रीझरचे पॅनेल काढल्यावर कॉइल वरपासून खालपर्यंत सारख्या पांढऱ्या थराखाली गेलेली दिसली. गॅस अपुरा असता तर बर्फ कॅपिलरीच्या, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाजवळच्या पहिल्या काही वळणांवरच जमला असता आणि पुढची वळणे उघडी राहिली असती. दाराच्या फटीतून दमट हवा शिरत असती तर बर्फ दाराच्या कडेला आणि जवळच्या वस्तूंवरही दिसला असता. एक गोष्ट मात्र या चित्राशी जुळत नव्हती: कॉइलचा खालचा भाग भुसभुशीत बर्फाऐवजी काचेसारख्या कठीण, पारदर्शक बर्फात रुतलेला होता. पावसाळ्यात तिथे वीज वारंवार तासन्‌तास जात असे. तेवढ्या वेळात वरचा बर्फ थोडा वितळून खाली उतरे आणि वीज आल्यावर तळाशी पुन्हा गोठे. त्यात पाणी वाहून नेणारे ड्रेनचे भोकही बुजले होते.

पॅनेल तात्पुरते परत बसवून, फ्रिज चालू ठेवून, टायमरचा दांडा स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवला. ‘टक्‌’ आवाज झाला आणि कंप्रेसर व पंखा दोन्ही थांबले, म्हणजे टायमर हीटरच्या स्थितीत गेला. आता वायरभोवती लावलेल्या क्लॅम्प मीटरवर हीटरचा करंट दिसायला हवा होता. या फ्रिजचा हीटर १५० वॉटचा. २३० व्होल्टवर त्याने सुमारे ०.६५ अँपिअर घ्यायला हवे. मीटर जवळपास शून्यावर होता.

त्यानंतर प्लग काढून मल्टिमीटरने एकेक भाग मोजला. हीटरचा रोध सुमारे ३५० ओहम आला, जो १५० वॉटच्या हीटरला जुळतो. फ्यूजची कंटिन्युइटी मिळाली, म्हणजे त्यातला विजेचा मार्ग अखंड होता. टायमरचा संपर्कही जोडलेला होता. उरला बायमेटल, आणि तो खुला, म्हणजे तुटलेला दाखवत होता.

इथे घाई केली तर निदान चुकते. बायमेटल थंडीत जोडलेला आणि उबेत तुटलेला असणे हाच त्याचा धर्म आहे. बर्फ वितळवून, कॉइल कोरडी करून मग मोजणाऱ्याला पूर्ण निरोगी बायमेटलही खुलाच दिसणार, आणि तो चांगला भाग फेकून देणार. आम्ही तो बर्फात असतानाच मोजला होता, तरीही खात्रीसाठी काढून घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत कुटलेला बर्फ आणि त्याच्या सुमारे एक तृतीयांश मीठ घातले तर तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. बायमेटल पातळ पिशवीत गुंडाळून, पाणी लागणार नाही अशा बेताने, त्या मिश्रणात वीस मिनिटे पुरून ठेवला. तो जोडला गेला नाही. उजेडात धरल्यावर त्याची बाजू किंचित फुगलेली दिसली: कधीतरी सीलमधून पाणी आत गेले होते आणि गोठताना त्याने आतला संपर्क दूर लोटला होता.

गणपतीपूर्वीचा पेच

बाजारात लगेच मिळालेला बायमेटल दिसायला तसाच होता, पण त्याच्यावर छापलेले तापमान वेगळे होते. तो लवकर तुटणारा असेल तर तळाचा बर्फ अर्धवट राहतो आणि तोच बिघाड हळूहळू परततो. उशिरा तुटणारा असेल तर दर वेळी फ्रीझर नको तितका तापतो. योग्य भाग कोल्हापूरहून यायला वेळ लागणार होता.

याच टप्प्यावर घरातून विचारणा झाली, की तोवर तो भाग काढून वायर थेट जोडता येईल का. मागणी समजण्यासारखी होती, आणि गावोगावी हे ‘डायरेक्ट’ करून दिले जाते हेही खरे आहे. आम्ही नकार दिला. बायमेटल नसेल तर बर्फ संपल्यावरही टायमरचा वेळ पुरा होईपर्यंत हीटर तापत राहतो. मग थर्मल फ्यूज जळतो, आणि पुढचा माणूस तो फ्यूजही थेट जोडून देतो. त्यानंतर प्लॅस्टिकचे अस्तर आणि हीटर यांच्यामध्ये संरक्षण म्हणून काहीच उरत नाही. अलीकडच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असतो. आर-१३४ए तसा पेट घेत नाही, पण एका फ्रिजवर लागलेली सवय दुसऱ्यावरही चालवली जाते, आणि तिथे ती जिवावर बेतू शकते.

म्हणून मधल्या दिवसांसाठी साधा बंदोबस्त केला. फ्रिज एक रात्र दोन्ही दारे उघडी ठेवून पूर्ण बंद ठेवला, समोर टेबलफॅन लावला आणि तळाशी जुने टॉवेल अंथरले. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ फोडायचा नाही हे निक्षून सांगितले. कॉइल ॲल्युमिनिअमची असते, एका टोच्याने तिला भोक पडले तर दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. ड्रेनमध्ये जाड सिरिंजने कोमट पाणी सोडत राहिलो, तेव्हा आधी शेवाळासारखा गाळ आणि मग स्वच्छ पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरले.

गॅसच्या बाजूला हात लावायचा की नाही, हाही प्रश्न होता, कारण बर्फाने झाकलेल्या कॉइलवर दाब पाहून भरलेला गॅस जास्त झाला असण्याची शक्यता होती. कॉइल मोकळी असताना फ्रिज काही तास चालवून पाहिला. कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर बाहेरच्या बाजूने बर्फ किंवा दव आले नाही, फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत गेला आणि कंप्रेसर मधूनमधून थांबूही लागला. एवढे ठीक असताना सीलबंद मार्ग पुन्हा उघडणे म्हणजे त्यात हवा आणि ओलावा शिरण्याचा धोका विनाकारण पत्करणे ठरले असते.

दुरुस्ती आणि परिणाम

योग्य बायमेटल आला तो थर्मल फ्यूजसह एकाच जोडणीत होता, त्यामुळे दोन्ही बदलले गेले. बसवण्यापूर्वी तोही मीठ-बर्फात ठेवून पाहिला. थोड्याच वेळात ‘टिक्‌’ वाजून मीटरवर कंटिन्युइटी आली. तो कॉइलवर जुन्याच जागी बसवला. ही जागा महत्त्वाची असते, कारण हीटरच्या फार जवळ सरकला तर तो बर्फ संपण्याआधीच तुटतो. वायरचे जोड पाण्यापासून बंद केले.

कॉइलवर थोडा बर्फ धरू देऊन टायमर पुन्हा हाताने फिरवला. या वेळी क्लॅम्प मीटरवर ०.६४ अँपिअर आले. काही मिनिटांत हीटरवर थेंब पडून चर्र आवाज येऊ लागला, मग ट्रेमध्ये पाण्याची बारीक धार सुरू झाली, आणि पाऊण तासाच्या बरेच आत मीटर एकदम शून्यावर आला. बायमेटलने हीटर थांबवला होता. टायमर स्वतः फिरतो की अडकतो हे पाहण्यासाठी त्याच्या दांड्यावर पेनाने खूण केली होती. दोन-तीन तासांनी ती पुढे सरकलेली दिसली.

एवढ्यावर दुरुस्ती झाली असे आम्ही सांगितले नाही. जुलैतला बिघाड आठ-नऊ दिवसांत परतत होता, म्हणून त्याच्या दुपटीहून जास्त काळ उलटेपर्यंत निकाल राखून ठेवला. त्या काळात रोज सकाळी मधल्या फळीवरचे तापमान कॅलेंडरवर लिहायचे आणि अधूनमधून ट्रेमध्ये पाणी आहे का ते पाहायचे, एवढे काम घरच्यांकडे दिले. गणपतीत दार दिवसभर उघडझाप होत असतानाही आकडे ४ ते ६ अंशांमध्ये राहिले. दसऱ्यापर्यंत दूध फाटल्याची एकही नोंद झाली नाही आणि आजींच्या कुपी केमिस्टकडून घरी परत आल्या. बदललेल्या भागाची किंमत काही शे रुपये होती; आधी गॅस आणि रबरावर गेलेली रक्कम तिच्या अनेक पट होती.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच भेटीत मागचा ट्रे पाहिला असता तर गॅस भरण्याची वेळ बहुधा आली नसती. त्याला हत्यार लागत नाही आणि वेळही लागत नाही. गेज लावण्यापूर्वी फ्रीझरचे पॅनेल उघडून बर्फ कसा पसरला आहे ते पाहणे हा या प्रकारच्या फ्रिजमध्ये नियमच असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

कुटुंबाच्या बाजूने पाहता, खालच्या कप्प्यात एक साधा थर्मामीटर पहिल्यापासून असता तर औषधाचा प्रश्न दूध फाटण्याआधीच लक्षात आला असता. बिघडलेल्या फ्रिजमध्ये इन्सुलिन किती काळ कोणत्या तापमानात राहिले, हे नंतर कोणालाही सांगता आले नाही, आणि त्या कुपी त्यामुळेच बाद कराव्या लागल्या.

टायमरबाबत मात्र मतभेदाला जागा आहे. तो चालत होता म्हणून आम्ही ठेवला. नऊ वर्षे फिरलेला यांत्रिक भाग कधीही अडकू शकतो, आणि घर तालुक्याच्या गावापासून दूर असल्याने पुन्हा येण्याजाण्याचा खर्च टायमरच्या किमतीहून जास्त होईल, असा युक्तिवाद माझ्या एका सहकाऱ्याने केला. तो चुकीचा नाही. अखेर हा हिशेब कुटुंबासमोर मांडला आणि त्यांनी टायमर न बदलण्याचे ठरवले. ट्रे सलग दोन दिवस कोरडा दिसला तर दूध फाटण्याची वाट न पाहता फोन करायचा, एवढे त्यांना सांगून ठेवले आहे.